18 पूर्ण झालेल्या मुलांना बालगृहातून बाहेर पाठवताना: फ्लॅटच्या आधी काय लागतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या ट्रस्टची तालुक्याच्या गावी मुलांची आणि मुलींची अशी दोन बालगृहं आहेत. येत्या वर्षभरात सहाजण 18 वर्षांचे होतील. दोन मुलगे आयटीआयला फिटर आहेत, एकाची आई हयात आहे, एक अभ्यासात फार मागे आहे. मुलींपैकी एकीला नर्सिंग करायचंय, दुसरीला स्थळ आलंय. पुण्यात एक फ्लॅट भाड्याने घ्यावा, मुलांना तिथे ठेवावं, तीन महिन्यांचा जीवनकौशल्याचा वर्ग घ्यावा आणि 21 पर्यंत सांभाळावं, असा बेत आहे. माणशी खर्च किती येईल आणि आणखी काय लागेल, हे तुम्ही विचारलंय.

खर्चाचे आकडे पुढे देतोच. पण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे त्या सहाजणांचं वर्णन. ते वाचलं की एक फ्लॅट आणि एक वर्ग यात हे सहाजण बसणार नाहीत हे लगेच कळतं. फिटर मुलांना चाकण-भोसरीत खोली लागेल. नर्सिंगवालीला कॉलेजचं वसतिगृह मिळेल, पण दिवाळीत ते बंद झालं की कुठे जायचं हा तिचा प्रश्न असेल. अभ्यासात मागे असलेल्या मुलाला पुण्याला नेणं मला तर धोक्याचं वाटतं. म्हणून आधी सहा आराखडे करा आणि त्यातून फ्लॅट किती जणांना, कुठे आणि किती महिने लागतो ते काढा. अनेक संस्था आधी जागा घेतात आणि मग मुलांना तिच्यात बसवतात. मुलं वर्षभरात निघून जातात, जागा रिकामी राहते.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. जिल्ह्यातला बाल संरक्षण कक्ष किती तत्पर आहे, मुलं किती वर्षं संस्थेत आहेत (पाचव्या वर्षी आलेलं मूल आणि चौदाव्या वर्षी आलेलं मूल यांची तयारी फार वेगळी असते), नातेवाईक कोण आहेत, तुमच्या तालुक्यात रोजगार काय आहे, या सगळ्यांवर. त्यामुळे खालचं सगळं जसंच्या तसं उचलू नका.

कायद्याची चौकट आणि वेळ

बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 नुसार संस्थेतून 18 व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला आर्थिक साहाय्य देता येतं. अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची (आफ्टरकेअर), मुदत 21 पर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं, म्हणजे 23 पर्यंत. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे परिविक्षा अधिकारी किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी मुक्तीनंतरचा आराखडा तयार करून बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा असतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी माणशी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. रक्कम त्या तरुणाच्या स्वतःच्या खात्यात येते.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. अनुरक्षण फक्त अनाथांना मिळतं असं बऱ्याच अधीक्षकांना वाटतं. तसं नाही. संस्थेत राहून बाहेर पडलेला कोणीही त्याला पात्र ठरू शकतो, आई-वडील असोत वा नसोत. आई हयात असलेल्या मुलाचं नाव यादीतून परस्पर गाळू नका.

ते 4,000 दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पडतील असं मात्र धरून चालू नका. हप्ते मागे-पुढे होतात, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. मुलाचं बजेट त्या रकमेशिवाय बसवा आणि आलेली रक्कम बचतीकडे वळवा. भाडं त्या हप्त्यावर टांगून ठेवलं की पहिल्याच उशिराला घरमालकाशी भांडण होतं.

वाढदिवसाची तारीखही आत्ताच बघा. शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की 1 जून लिहायची पद्धत आपल्याकडे होती, त्यामुळे तुमच्या सहापैकी दोघं-तिघं एकाच दिवशी 18 चे होत असतील. कुणाचा वाढदिवस नोव्हेंबर-डिसेंबरात, बारावीच्या ऐन वर्षात पडत असेल, तर परीक्षा होईपर्यंतच्या व्यवस्थेबद्दल समितीला आधीच लेखी अर्ज द्या. परीक्षेच्या तोंडावर जागा बदललेल्या मुलाचा निकाल काय लागतो हे तुम्हाला माहीत असेलच.

कागद, आणि त्यांचा क्रम

पहिल्या वर्षात मुलं अडतात ती बहुतेक वेळा कागदांवर. आणि कागद नसण्यापेक्षा ते एकमेकांशी न जुळणं जास्त अडवतं.

सुरुवात नावापासून करा. समितीच्या आदेशात एक नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुसरं, आधारवर तिसरं असं सर्रास असतं. कुठे वडिलांचं नाव नाही, कुठे आडनावाच्या जागी संस्थेने दिलेलं नाव. दहावीचं प्रमाणपत्र हा पाया माना, कारण पुढे सगळे तेच मागतात. दहावीचा फॉर्म भरण्याआधी, नववीत असतानाच, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तपासून घ्या. तेव्हा शाळेमार्फत दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर त्याच दुरुस्तीसाठी बोर्डापर्यंत हेलपाटे घालावे लागतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून आधारची दुरुस्ती दहावीचा कागद हातात आल्यावर करा.

आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन 15 व्या वर्षी पुन्हा द्यावं लागतं. संस्थांमध्ये हे हटकून राहतं, आणि मग सिमकार्ड घेताना किंवा बँकेत ठसा जुळत नाही.

आता मोबाईल नंबर. संस्थेतल्या बहुतेक मुलांच्या आधारला आणि बँक खात्याला अधीक्षकांचा नंबर जोडलेला असतो. मूल पुण्यात, ओटीपी तालुक्याला. अधीक्षक बैठकीत असले की पगार खात्याचा फॉर्म राहतो, आणि अधीक्षक बदलले की सगळंच थांबतं. 18 पूर्ण झाल्याच्या पहिल्या आठवड्यात ही कामं याच क्रमाने करा: स्वतःच्या नावावर सिम (18 च्या आधी ते मिळत नाही), मग आधारला तो नंबर, मग बँकेत नवं केवायसी, नवी सही आणि तोच नंबर, मग पॅनवर फोटो-सही, मग डिजिलॉकर. अज्ञान खातं (18 च्या आधी मुलाच्या नावे उघडलेलं) 18 नंतर केवायसी होईपर्यंत अडकून पडतं, त्यामुळे बँकेचं काम मागे ठेवू नका. सिम हरवलं तर तोच नंबर परत घ्यायचा, नवा घ्यायचा नाही, हे मुलांना दहादा सांगा.

याखेरीज अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला (असल्यास), शाळा सोडल्याचा दाखला, समितीच्या आदेशांच्या प्रती, लसीकरण आणि आजारपणाचा इतिहास. मतदार नोंदणीचा अर्ज 17 पूर्ण झाल्यावर आगाऊ देता येतो. सगळ्याची एक मूळ फाईल मुलाकडे, एक स्कॅन प्रत त्याच्या फोनवर, एक संस्थेत. मूळ कागद संस्थेनेच कपाटात ठेवून घेणं मला मान्य नाही. हरवतील ही भीती खरी आहे, पण त्याचे कागद त्याचे आहेत. सांभाळायला एक प्लास्टिकची फाईल आणि कुलपाची पेटी द्या.

अनाथ प्रमाणपत्र हा वेगळा विषय. राज्यात 2018 पासून शिक्षण आणि शासकीय नोकरीत अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण आहे. नंतरच्या शासन निर्णयांत संस्थात्मक आणि संस्थाबाह्य अशी वर्गवारी झाली. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत जातो आणि प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात. मूल संस्थेत असतानाच अर्ज करा, कारण चौकशीला लागणारी सगळी नोंद तेव्हा हाताशी असते. तुमच्या नर्सिंगवालीसाठी हे फार महत्त्वाचं आहे: 2024-25 पासून केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींच्या शिक्षण व परीक्षा शुल्कमाफीच्या निर्णयात या दोन्ही वर्गवारींतल्या अनाथ मुलामुलींचाही समावेश आहे. ती अनाथ असेल तर बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरताना प्रमाणपत्र हातात हवं. आई किंवा वडील हयात असलेल्याला हे प्रमाणपत्र मिळत नाही, त्याला खोटी आशा दाखवू नका.

जमीन: हा प्रश्न कुणी विचारत नाही

तुमच्या भागातली मुलं शेतकरी घरातली असतील तर प्रत्येकाच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या नावे जमीन होती का, हे विचारा. सातबारा ऑनलाइन बघता येतो. वारस नोंद झाली आहे का, फेरफारात मुलाचं नाव आहे का, आणि नाव असेल तर त्यापुढे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालक कर्ता म्हणून कोण आहे, ते बघा. मूल सज्ञान झालं की तो शेरा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे वयाच्या पुराव्यासह अर्ज द्यायचा असतो.

इथे घाई करण्याचं कारण आहे. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर तो व्यवहार रद्द करून घेण्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. म्हणजे तुम्ही ज्या वर्षांत मुलाला सांभाळणार आहात नेमकी तीच वर्षं. चुलत्याने परस्पर विकली असेल तर कायद्याची बाजू निराळी पडते, वकिलाला कागद दाखवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या अटीवर. भांडण करायचं की नाही हे मुलाने ठरवावं. गावाशी उरलेलं एकमेव नातं त्याला तोडायचं नसेल, तर तोही त्याचा निर्णय आहे. पण माहिती न मिळाल्यामुळे मुदत गेली असं व्हायला नको.

कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेलं कुणी असेल तर पीएम केअर्सची मुलांसाठीची मदत आणि राज्याची 5 लाखांची मुदत ठेव, दोन्हींची स्थिती तपासा.

सहाजणांचे सहा आराखडे

*दोन फिटर.* कंत्राटदाराकडे थेट नोकरीपेक्षा मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी मिळाली तर ती घ्या, विद्यावेतन कमी असलं तरी. कँटीन, बस, सुरक्षेचे बूट आणि शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. कंत्राटी कामात काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात, आणि घर नसलेल्या मुलाला तो ब्रेक रस्त्यावर आणतो. विद्यावेतन आणि खर्च यातली तूट भरून काढणं हा ट्रस्टच्या पैशाचा उत्तम उपयोग.

*आई असलेला.* 18 झाले म्हणून थेट घरी सोडू नका. आधी गृहभेट: झोपायला जागा आहे का, घरात दारू आहे का, आईने दुसरं लग्न केलं असेल तर त्या घरात याला कोण म्हणून स्वीकारतील. मग दिवाळीत आठ-दहा दिवस, मे महिन्यात तीन आठवडे असं राहून बघू द्या. परत आल्यावर त्याच्याशी एकट्याने बोला. पैशासाठीच बोलावलं जातंय असं दिसलं तर आईशी संबंध ठेवून राहणं वेगळं, असाही आराखडा होऊ शकतो.

*अभ्यासात मागे असलेला.* 18 च्या आधी शासकीय रुग्णालयात बुद्ध्यंक चाचणी करून घ्या. बौद्धिक अक्षमता निघाली तर युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा आणि 18 नंतरच्या पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करा. पण बुद्ध्यंक 70 ते 84 च्या मधे आला तर प्रमाणपत्र मिळत नाही, सवलत मिळत नाही, आणि जग त्याला धडधाकट समजतं. सगळ्यात जास्त काळ आधार याच मुलाला लागतो. त्याला पुण्याला नेऊ नका. तुमच्याच तालुक्यात, जिथे दुकानदार आणि रिक्षावाले त्याला नावाने ओळखतात, तिथे रोपवाटिका, बेकरी, पॅकिंग असं ठरावीक क्रमाचं काम बघा. मालकाला महिन्यातून दोनदा भेटा. 23 पर्यंतच्या मुदतवाढीचा अर्ज याच्यासाठी आत्तापासून डोक्यात ठेवा.

*नर्सिंगवाली.* कॉलेजचं वसतिगृह मिळालं तरी दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कुठे, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून ठेवा. तिच्या आजारपणात दवाखान्यात कोण जाणार तेही. प्रवेश अर्जातला ‘पालकाचं नाव व संपर्क’ हा रकाना रिकामा ठेवायला लावू नका. ट्रस्टमधल्या एका ठरावीक व्यक्तीचं नाव तिथे द्या, आणि ती व्यक्ती तीन वर्षं तरी बदलणार नाही असं बघा.

*स्थळ आलेली.* तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

कुणी एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) असेल तर गाव बदलण्याआधी नव्या केंद्राचं बदली पत्र आणि किमान महिन्याभराच्या गोळ्या हातात द्या. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हटलं की डोस चुकतात.

फ्लॅट घ्यायचाच असेल तर

वरचे सहा आराखडे बघितले तर पुण्यात प्रत्यक्षात दोघं-तिघंच येतात. नियमांतही सहा ते आठ जणांच्या तात्पुरत्या गटनिवासाची कल्पना आहे, त्याहून मोठं केलं की ते पुन्हा बालगृह होतं. जागा कामाच्या बसमार्गावर घ्या. कोथरूडचा देणगीदाराचा फ्लॅट फुकट मिळत असला आणि काम चाकणला असलं, तर दिवसाचे तीन तास प्रवासात जातील आणि नोकरी सुटेल.

महाराष्ट्रात भाड्याचा लेखी आणि नोंदणीकृत करार बंधनकारक आहे. तो सहसा 11 महिन्यांचा करतात. करारात ट्रस्टबरोबर मुलांचीही नावं घाला. कॉटबेसिसवर राहणाऱ्याकडे पत्त्याचा कागदच नसतो. मात्र आधारवरचा पत्ता लगेच बदलू नका. पहिल्या वर्षात खोल्या बदलतात, पत्रव्यवहार संस्थेच्या पत्त्यावरच राहू द्या. संस्थेत वाढलोय हे घरमालकाला, साहेबांना सांगायचं की नाही हे मुलाने ठरवायचं. तुम्ही परस्पर सांगू नका, दयेपोटीही नाही.

भाडं पहिल्या पगारापासून घ्या, अगदी थोडं, समजा 1,500. ती रक्कम खर्च न करता त्याच्या नावाने बाजूला ठेवा. वर्षाने 18,000 होतात. बाहेर स्वतःची खोली घेताना ते त्याला डिपॉझिट म्हणून परत द्या. याचे दोन फायदे: भाडं देण्याची सवय लागते आणि बाहेर पडण्याच्या दिवशी हात रिकामे नसतात. ट्रस्टचा वाटा कमी करताना कॅलेंडर बघू नका, पगार बघा. सलग तीन पगार झाले की निम्मा, सलग सहा झाले की बंद. मधे नोकरी गेली तर मोजणी पुन्हा सुरू.

पैसे: पहिले 40 दिवस

मुलगा समजा 3 तारखेला कामावर लागला. पगार पुढच्या महिन्याच्या 7 ते 10 तारखेला होतो. म्हणजे साधारण 40 दिवस खिशात काही नाही. या काळात मुलं सहकाऱ्याकडून उसने घेतात, नाहीतर मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपवर जातात, आणि पहिला पगार येण्याआधीच संपलेला असतो. तुमच्या निधीचा पहिला भाग या 40 दिवसांसाठी राखून ठेवा.

चाकण-भोसरीचा ढोबळ हिशोब असा. कॉट किंवा खोलीचा वाटा 3,000, दोन वेळचा डबा 3,000, नाश्ता-चहा 700, प्रवास 900, फोन 300, साबण-केस-कपडे 700, औषधं-किरकोळ 400. म्हणजे महिना 9,000. एकदाचा खर्च वेगळा: डिपॉझिटचा वाटा 6,000, गादी-चादर-बादली-भांडी-कुलूप 4,000, बूट आणि कामाचे कपडे 1,500, आणि 40 दिवसांचे 12,000. साडेतेवीस हजार. माणशी 25,000 धरा आणि सगळ्यांचा मिळून एक आपत्कालीन निधी निराळा ठेवा. भाग, शहर, वर्ष बदललं की आकडे बदलतील, रकाने मात्र हेच राहतील.

पगाराची पावती वाचायला शिकवा. ‘15,000 देणार’ म्हटलं की मुलाच्या डोक्यात 15,000 असतात. मूळ वेतन 12,000 असेल तर 12 टक्क्यांनी 1,440 भविष्य निर्वाह निधी, 15,000 वर 0.75 टक्क्यांनी 113 ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा), व्यवसाय कर 200. हातात 13,247 येतात, त्यातून कधी कँटीनही कापतात. हे आधी न सांगितल्यास मुलाला फसवल्यासारखं वाटतं आणि तो चिडून काम सोडतो. मुलींना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, कापला तर विचारायला शिकवा. ईएसआयसीचं ई-पहचान कार्ड पहिल्याच महिन्यात काढून घ्या, दवाखाना तेव्हापासूनच सुरू होतो. नोकरी बदलली की भविष्य निर्वाह निधीचा जुनाच खातेक्रमांक (यूएएन) द्यायचा.

दोन धोक्यांची नावं घेऊन बोला. ‘तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार’ असं सांगणारे 18-19 वर्षांच्या मुलांनाच शोधतात. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराकडे येतात. दुसरं, नोकरी लावण्यासाठी आगाऊ पैसे मागणारा कुणीही.

वर्गाऐवजी काय

तीन महिन्यांचा जीवनकौशल्य वर्ग मी रद्द करीन आणि तेच काम 16 व्या वर्षापासून बालगृहातच सुरू करीन. संस्थेत वाढलेल्या मुलाला 60 जणांच्या भाताचा अंदाज असतो, एकट्यासाठी किती शिजवायचं हे माहीत नसतं. रविवारी दोघादोघांना वेगळी शेगडी आणि 150 रुपये द्या: बाजारातून आणायचं, एक वाटी तांदळाचा भात, पाव वाटी डाळीचं वरण, एक भाजी करायची, उरलेल्या पैशांचा हिशोब द्यायचा. पहिले काही रविवार मीठ जास्त, भात चिकट आणि पैसे कमी पडतील. मधे पडू नका. खोलीवर गेल्यावर गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो, तो भरून आणायलाही त्यांनाच पाठवा.

तसंच बँकेत स्वतः स्लिप भरणं, एसटीने एकट्याने जिल्ह्याला जाऊन येणं, डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने तक्रार सांगणं. ‘मला सुट्टी हवी’ आणि ‘मला हे जमत नाही, दाखवा’ ही दोन वाक्यं वरिष्ठाला सांगता येणं तर फारच गरजेचं. बालगृहात घंटेवर उठलेल्या मुलाला विचारण्याची सवय नसते. तो साहेबांना न सांगता दोन दिवस दडी मारतो, आणि तिसऱ्या दिवशी काम गेलेलं असतं.

सोबत करणारा माणूस

फ्लॅटला वॉर्डन नको. फिरता समन्वयक ठेवा, एका माणसामागे 12 ते 15 तरुणांपेक्षा जास्त नकोत. पहिले दोन आठवडे रोज फोन, तीन महिन्यांपर्यंत आठवड्याला एक प्रत्यक्ष भेट, पुढे पंधरा दिवसांनी. फोनवर ‘बरा आहेस ना?’ विचारलं की ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘आज काय जेवलास, कुणाबरोबर?’ असं विचारा, त्यातून खरं कळतं. पहिल्या पगारानंतर, पहिल्या आजारपणात आणि पहिल्या दिवाळीत मुलं खचतात. त्या वेळी समन्वयकाने स्वतःहून जायला हवं. झोप उडाली, जगण्याबद्दल निराशेचं बोलणं ऐकू आलं, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहेच, पण त्याबरोबर प्रत्यक्ष माणूसही तिथे पोचला पाहिजे.

नोकरी सोडून मूल परत आलं तर त्याला बोल लावू नका. आपल्या घरातली मुलंही विशी-पंचविशीपर्यंत दोनदा-तीनदा परत येतात, फक्त त्याला आपण अपयश म्हणत नाही. बालगृहात त्याला ठेवता येत नसेल, तर जवळपास एक खोली आणि महिन्याभराचं जेवण एवढी सोय कायम असू द्या.

ज्या मुलीला स्थळ आलंय

18 पूर्ण झाल्यावर लग्न कायदेशीर आहे, पण पुनर्वसनाचा आराखडा म्हणून लग्न लिहू नका. माहेर नसलेली मुलगी सासरी गेली की तिच्या बाजूने बोलायला कुणी नसतं, हे समोरच्यांनाही माहीत असतं. ‘संस्थेची मुलगी, मान-पान नाही, विचारणारं कुणी नाही’ म्हणून आलेली स्थळं मी बघितली आहेत. तिला आधी काम किंवा प्रशिक्षण द्या. राहण्यासाठी नोकरी करणाऱ्या महिलांचं वसतिगृह, सखी निवास वगैरे बघा. मग दोन वर्षांनी तिला तोच मुलगा हवा असेल तर आनंदाने करा.

तिने आत्ताच करायचं ठरवलं, तर तो तिचा हक्क आहे. मग मुलाचं घर, काम, आधीचं लग्न याची चौकशी दोन वेगळ्या माणसांकडून करा, नोंदणी पद्धतीने लग्न करा, तिचं बँक खातं आणि मूळ कागद तिच्याकडेच राहतील असं बघा, आणि लग्नानंतर किमान दोन वर्षं ठरलेल्या भेटी आराखड्यात लिहा. पहिल्या दिवाळीला तिला माहेरी बोलवायचं, बाळंतपणाला कुठे यायचं, तेही लिहा. सासरच्यांना हे आधी कळलं की पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ राहतात.

या आठवड्यात सुरू करायचं असेल तर सहाजणांच्या जन्मतारखा काढा आणि ज्याची सगळ्यात जवळ आहे त्याच्यापासून सुरुवात करा. त्याचा अनुरक्षणाचा प्रस्ताव परिविक्षा अधिकाऱ्यांकरवी समितीकडे द्या, सोबत वैयक्तिक आराखडा, त्याच्या नावाचं खातं, आणि त्याला स्वतःला काय करायचंय हे त्याच्या हातचं एक पान. प्रस्तावाची पोच घ्या. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला ट्रस्ट अनुरक्षणाचं काम करणार असल्याचं लेखी कळवा, त्यांच्या यादीत नाव आलं की पुढच्या मुलांचं काम सोपं होतं. फ्लॅटची बोलणी त्यानंतर करा.